एकसंध दोर

दोर वळणारा माणूस उभं आयुष्य मागं मागं चालतो. कमरेला घायपाताच्या धाग्यांचा वाख गुंडाळलेला, तोंड चाकाकडे, पाठ जगाकडे. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्याला दिसत नाही. आपण कुठून निघालो एवढंच दिसत राहतं. माझं दुकान अशाच दोघांच्या दोर वळायच्या पट्टीच्या समोर, म्हणून हे मला रोज बघावं लागलं. आणि बघून बघून माझं मत असं झालंय की बाकीची माणसंही तशीच चालतात, त्यांच्या कमरेला वाख नसतो इतकंच.

दोघं भाऊ. थोरला आणि धाकटा. गावानं त्यांना दुसरी नावं शिल्लक ठेवली नव्हती. थोरला चाक फिरवायचा, धाकटा मागं चालायचा. धाकट्याला पोरं 'माघाऱ्या' म्हणायची. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला माणूस कळला नव्हता. हा गडी रोज कोसभर मागं चालला असेल, पण माघार म्हणून त्यानं कधी घेतली नाही. थोरल्याला कोणी टोपणनावच ठेवलं नाही. जागेवर उभं राहून चाक फिरवणाऱ्याकडे कोण बघतो? सगळी मेख तिथंच होती.

बाप होता तोवर पट्टी एक होती. गाडीवाटेच्या कडेनं गेलेली. रुंदीला खाट मावेल एवढी, आणि लांबीला अशी की एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पुसट पोचायची. हाका मारायची गरजही नव्हती. दोघं दोरानं बोलायचे. धाकट्यानं जरा ताणलं की 'दम धर', सैल सोडलं की 'चालू दे'. लांबी हवीच असते या धंद्याला. सूत कातून गुंडाळून ठेवता येतं, पण शेवटी तिन्ही पेड एका दमात, सरळ ताणूनच वळावे लागतात, आणि वळताना दोर आखडतो. जेवढे पेड ताणाल त्याचा तिसरा हिस्सा पीळ खातो. पीळ आपला वाटा आधी काढून घेतो, उरेल ते गिऱ्हाईकाचं. माणसांच्या संसारातही हीच रीत आहे, पण तिथं लोक आश्चर्य करतात.

बाप गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्याच दुकानात एक गिऱ्हाईक आलं. नव्या दोराची वेटोळी घेतली, दोर तळव्यातून सरकवला, डोळे मिटले आणि म्हणालं, "वा! दोर हातात असतो बघा. चाक काय, कोणीही फिरवतं."

धाकटा तिथं होता. तो हसला.  थोरला त्याच्या मागं, खांद्यावर दुसरी वेटोळी घेऊन उभा. त्यानं ती माझ्या फळीवर ठेवली, इतकी अलगद, की मी मनात म्हटलं, झालं.

महिन्याभरात वाटणी झाली. पट्टी उभी वाटली असती तर दोघांनाही लांबी मिळाली असती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण उभी वाटणी म्हणजे रोज एकमेकांच्या शेजारून चालणं. म्हणून आडवी वाटली. मधोमध दगडमातीची भिंत घातली, पुरुषभर उंच. आयुष्यात त्या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट होती भिंत. दोघांनी मिळून बांधली. एकानं दगड दिले, दुसऱ्यानं रचले. तेवढं काम मात्र एक नंबर झालं.

बापाचं चाक थोरल्याकडे गेलं. बापाचा भोवरा धाकट्याकडे. भोवरा म्हणजे तीन खाचांचा लाकडी गोळा. तीन खाचांतून तीन पेड येतात आणि त्याच्या मागं दोर होऊन निघतात. दगड ठेवलेली फळीही धाकट्याकडे. दुसरं टोक त्या फळीला बांधायचं, दोर आखडेल तशी ती दगडांसकट पुढं सरकते. मग थोरल्यानं स्वतःचा भोवरा कोरला, तो पेडांना चावायचा. धाकट्यानं मोडक्या गाडीचं चाक बसवलं, ते अडखळायचं. दोघांचेही दोर आखूड आणि किंचित वाईट. दोघंही माझ्याकडेच आणून टाकायचे. एकजण सकाळी यायचा, एकजण संध्याकाळी.

थोरल्याची बायको होती तोवर ती चाक फिरवायची आणि हा चालायचा. ती गेली. धाकटा वाटेनं आला, खांदा दिला, वाटेनं परत गेला. त्यानंतर थोरल्यानं एकट्याचा दोर शोधून काढला. चाकाच्या आसाला दोरी, दोरीला दगड, खाली खड्डा. दगड खड्ड्यात उतरेपर्यंत चाक आपोआप फिरायचं. तेवढ्यात हा आकड्याला वाख अडकवून झपाझप मागं जायचा. दगड टेकला की जिथं असेल तिथं थांबायचा. पुन्हा जवळ येऊन दगड वर गुंडाळायचा. लोक त्याच्या अकलेचं कौतुक करायचे. मला त्या दगडाचा आवाज आवडायचा नाही. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं थप्. जसं कोणी दार वाजवून पळून जातंय.

भिंतीपलीकडे धाकटी होती, धाकट्याची बायको. हसऱ्या तोंडाची आणि धारेच्या जिभेची. दिराशी बोलणं बंद, म्हणून ती शेळीशी बोलायची. शेळी भिंतीला लागूनच बांधलेली असायची.

"काय गं," ती शेळीला म्हणायची, आवाज भिंतीवरून जाईल असा, "रात्री खोकत होतीस? काढा केलाय, वाटेच्या कडेला झाकून ठेवलाय. प्यायचा असेल त्यानं प्यावा. आम्ही काय कोणाला आग्रह करत नाही."

भांडं दुपारपर्यंत रिकामं व्हायचं आणि धुऊन परत जागेवर यायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं तर लेकही नव्हती आणि सूनही नव्हती. शेळी तेवढी समजूतदार झाली होती.

मग एका वर्षी पाऊस आला नाही. आदल्या वर्षी आला होता तोही तोंडदेखला. घायपात तेवढं बांधाबांधावर हिरवं राहिलं, बाकी सगळं गोणपाटाच्या रंगाचं झालं. विहिरींनी पाणी खाली खाली नेलं. बायका दोर घेऊन दुकानात यायला लागल्या.

"पुरत नाही हो. वाव-दीड वाव जोडून द्या."

जोडून दिला. आठ दिवसांनी पुन्हा त्याच. लोकांनी काय काय जोडलं. कासरे जोडले, खाटेची सुतळी जोडली, जुन्या धडुत्याची चिंधी पिळून जोडली. गाठ कप्पीवर यायची आणि अडायची. मग बाई हिसका द्यायची, आणि हिसक्यात एक तर बादली जायची नाहीतर तळव्याची साल. मोठ्या विहिरीच्या तळाशी तेव्हा पाणी कमी आणि बादल्या जास्त होत्या.

शेवटी गावानं विहीर खोल करायचं ठरवलं आणि खोदणाऱ्याला बोलावलं. बुटका, रुंद, एका कानानं बहिरा. त्यानं विहिरीत डोकावून खडा टाकला आणि चांगला कान पुढं करून ऐकला. मग माझ्या दुकानात येऊन दोर मागितला. मी होता तेवढा सगळा पुढं टाकला. तो जमिनीवर बसला आणि दोर इंच इंच चाचपत गेला. सांधा आला की थांबायचा. सगळे बघून झाल्यावर त्यानं दोर पायानं माझ्याकडे सरकवला.

"हा बादलीचा दोर आहे."

"मग?"

"मी बादली नाही. मी याला लटकणार, आणि वर येताना माझ्याबरोबर दगडाची पाटी येणार. मला सांधा चालत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच दोर पाहिजे."

"सांधा चांगला गुंफला तर..."

"शेठ, गुंफणारा वर असतो. तुटलं तर तो म्हणतो, अरेरे." तो उठला. "चार दिवस वाट बघतो. खालच्या गावातूनही बोलावणं आहे."

एवढा लांब दोर वळायला अख्खी पट्टी लागणार होती. बापाचं चाक आणि बापाचा भोवरा, दोन्ही लागणार होते. हे मला कळलं, दुकानातल्या सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानदाराचं दोघांकडे येणंजाणं असतं, हा त्याचा गुन्हा.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. धाकटीच्या भावानं दूरच्या शहरातून निरोप धाडला होता, इथं या, गिरणीत दोघांना काम आहे. धाकटीनं बोचकी काढून झटकून उन्हात टाकली होती. विहिरीला पाणी लागलं तर थांबायचं, नाहीतर जायचं, असं चाललं होतं.

मी आधी थोरल्याकडे गेलो. दगड खड्ड्यात टेकला होता, आणि हा पट्टीच्या मध्यावर वाख धरून उभा.

"तो जायचं म्हणतोय," मी म्हटलं.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझा भाऊ."

"पाय त्याचे आहेत."

"तू 'थांब' म्हणालास तर थांबेल."

त्यानं वाखाची एक बट ओठांत धरून ओली केली. "तो लहान आहे. त्यानं येऊन विचारावं, दादा, जाऊ का. मी सांगेन."

मी वाटेनं वळसा घालून पलीकडे गेलो. धाकटा अडखळत्या चाकाच्या आसात चिंधी कोंबत बसला होता.

"तू विचारलंस का त्याला, जाऊ का म्हणून?"

"तो थोरला आहे. त्याला दिसत नाही का, बोचकी वाळत घातलीत ती? त्यानं म्हणावं, थांब."

दोघांच्याही खिशात एकेक शब्द होता, आणि तो खर्चायची दोघांचीही तयारी नव्हती. असा कंजूषपणा मी धंद्यात फार पाहिला नाही.

दोराचं मात्र दोघंही लगेच कबूल झाले. मला नवल वाटलं. मग कळलं की माणसाला भावाशी बोलायला कारण लागतं, आणि कारण दुसऱ्याचं असेल तर फार बरं. माणूस विहिरीत लटकणार म्हटल्यावर काय करता? नाइलाज!

प्रश्न भिंतीचा. पाडायची नाही, यावर पुन्हा दोघांचं एकमत.

"भोक पाडू," थोरला म्हणाला. "कमरेएवढ्या उंचीवर. तीन पेड जातील एवढं."

मी पलीकडे सांगितलं. धाकटा म्हणाला, "भोवराही जायला हवा. मोठं पाडा म्हणावं."

मी अलीकडे आलो. थोरला म्हणाला, "मोठं कशाला? त्याला काय डोकं घालून बघायचंय?"

मी पलीकडे गेलो. धाकटी शेळीला म्हणाली, "बघितलंस का? आम्ही डोकं घालून बघायला तिकडे काय मोठं लंकेचं सोनं ठेवलंय. एक खाट आणि एक खड्डा."

शेवटी भोवरा आणि तो धरणारे दोन हात जातील एवढं भोक ठरलं. एकानं एका बाजूनं पहार मारली, दुसऱ्यानं दुसऱ्या. मधला दगड हलला आणि अलीकडे पडला. थोरल्यानं तो उचलून भिंतीच्या कडेला नीट ठेवला, परत बसवायच्या बेतानं. भोकातून पलीकडचं ऊन याच्या पट्टीवर पडलं, भाकरीएवढं. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग त्यावर पाय ठेवून उभा राहिला.

सूत दोघांनी आपापल्या बाजूला कातलं. खोदणारा रोज येऊन वाटेवर उकिडवा बसायचा आणि चांगला कान चाकाकडे करायचा. धुळीनं आणि वाखाच्या कुसांनी दोघांचे गळे बसले, बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं. धाकट्याला हातावर ओतून घ्यायला पाणी नव्हतं. तो हात मातीत घासायचा. थोरला पँटीला पुसायचा. पेड तयार झाले, भोकातून पार झाले, आणि कितीतरी वर्षांनी त्या पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीतरी सरळ ताणलेलं दिसलं.

दोर वळायचा तो दिवस वाऱ्याविना उगवला. थोरला चाकाशी. पलीकडच्या टोकाला धाकटी दगडांच्या फळीपाशी. फळी उड्या मारायला लागली की दगड चढवायचा, अडली की उतरवायचा. धाकट्यानं फळीपाशी भोवरा बसवला आणि पेडांना हलका झटका दिला. तो झटका भोकातून सरकत चाकापर्यंत आला. थोरल्याचा हात मुठीवर होता. मी समोरून बघत होतो.  मग चाक फिरलं.

काय सांगू. भोवऱ्याच्या पुढं तीन पेड, मागं एक दोर. धाकटा भोवरा तळव्यांत धरून चाकाच्या दिशेनं पावलं टाकत होता. या कामात तेवढं पुढं चालावं लागतं. मधेच त्यानं ताणलं. चाक मंद झालं. सैल सोडलं, चाक वाढलं. वर्षानुवर्षं दोघं बोलले नव्हते, आणि आता भिंतीतून घडाघडा बोलत होते. वाटेवर माणसं जमली.

ऊन चढलं तेव्हा धाकटा भिंतीपाशी आला. भोवरा भोकातून घातला, एक हात गेला, दुसरा गेला, दंडापर्यंत गेले. आणि तो तिथंच अडकला.

भोकाचं माप भोवऱ्याला बरोबर होतं, हातांना बरोबर होतं. हातांच्या मागं माणूस असतो, हे दोघांनाही सुचलं नव्हतं. थोरल्यानं आपल्या अर्ध्याचा विचार केला होता, धाकट्यानं आपल्या अर्ध्याचा. जन्मभर दोर वळणारे हे दोघं. भोवरा सोडला तर पीळ उसळून सगळा दोर नासणार. सोडायचा नाही तर पुढं जायचं कसं? थोरल्याच्या पट्टीवर भिंतीतून दोन हात बाहेर आलेले, त्यांत भोवरा, आणि हातांना तोंड नाही.

वाटेवर कोणीतरी फिस्सकन हसलं. खोदणाऱ्यानं त्याच्या पाठीत दणका घातला.

मी थोरल्याच्या अंगणात धावलो. "चाक मी धरतो. तू जाऊन भोवरा घे."

थोरल्यानं माझ्याकडे बघितलं. घाम त्याच्या भुवयांवर थांबला होता. मूठ त्यानं सोडली नाही. त्याला काय वाटत होतं ते मला तेव्हाच कळलं. चाक माझ्या हातात देणं म्हणजे ते गिऱ्हाईक खरं ठरवणं. तराजू धरणारा दुकानदारही फिरवतो, म्हणजे कोणीही फिरवतं.

तेवढ्यात भिंत बोलली. आवाज बसलेला, वाखानं खरवडलेला.

"दादा."

थोरला हलला नाही.

"दादा, चाक दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नको. पाचर मार आणि इकडे ये. हे धर. मी येतो चाकाला."

बस, एवढंच. वाटेवरच्या लोकांना वाटलं कामाचं बोलणं आहे. कामाचंच होतं. पण गिऱ्हाईकासमोरच्या त्या हसण्याची एवढ्या वर्षांची बाकी त्यानं त्या एका वाक्यात चुकती केली, आणि हे तिथं तिघांनाच कळलं. तिसरा मी.

थोरल्यानं चाकाला पाचर मारली. पट्टीवरून चालत भिंतीपाशी गेला. पुढं जाताना त्याची पावलं लहान पडत होती. धाकट्याच्या दंडांना भोकाची खडबडीत कड रुतली होती. थोरल्यानं आपले तळवे त्या हातांवर ठेवले. एकदम काढून घेता येत नाही. आधी वरून धरायचं, मग खालच्यानं एकेक बोट सोडवायचं. ते एकेक बोट सुटेपर्यंत दोघांचे हात एकावर एक होते. शेवटचं बोट सुटायला जरा जास्तच वेळ लागला असं मला वाटलं. मला असं पुष्कळदा वाटतं.

मग धाकटा वाटेनं वळसा घालून आला. लोकांनी बाजूला होऊन रस्ता दिला. वाटणीनंतर त्या अंगणात तो एकदाच, खांदा द्यायला आला होता, आणि त्या दिवशी कोणी अंगणाकडे बघत नसतं. आज त्यानं बघितलं. खाट, खड्डा, खड्ड्यातला दगड, आसाला बांधलेली ती दोरी. एका माणसानं काम करायची ती सगळी तजवीज त्यानं बघितली आणि खाली मान घालून पाचर काढली.

पहिल्या फेऱ्यातच चाक त्याच्या हातातून हिसडलं. दोर एका जागी जरा सैल वळला, लगेच सावरला. थोरला भोवरा धरून चाकाकडे येत होता. धाकटा दात आवळून फिरवत होता. एकाचं काम दुसरा करत होता आणि दोघांनाही ते नीट येत नव्हतं. तरी पुढचा दोर चांगला झाला.

भोवरा चाकाशी पोचला. काम संपलं. दोघं समोरासमोर उभे, मध्ये हातभर अंतर. एवढ्या जवळून त्यांनी एकमेकांचे पांढरे केस पहिल्यांदाच बघितले असतील.

"जड आहे रे दादा चाक," धाकटा म्हणाला.

आता. आता म्हण, थांब. मी अंगणाच्या कडेवरून मनातल्या मनात थोरल्याला ढकलत होतो. पलीकडे धाकटी फळीपाशी उभी होती. तिनं एक दगड उगाचच उचलून पोटाशी धरला होता.

थोरल्याचं तोंड उघडलं. "तेल घालायचं राहिलंय," तो म्हणाला.

"हं."

"पाणी पिणार?"

"आहे घरी."

दोघंही खोटं बोलत होते. एकाकडे द्यायला पाणी नव्हतं, दुसऱ्याच्या घरी प्यायला नव्हतं. धाकटा आणखी थोडा उभा राहिला. पायानं खड्ड्याच्या कडेची माती आत लोटली. मग म्हणाला, "येतो," आणि भोवरा घेऊन वाटेनं गेला.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं लोक तोंड वर करून सांगतात. जळल्यावर राहिलेल्या त्या पिळाला बोट लावून कोणी बघत नाही. लावलं तर राख होते. बोट लावायचाच काय तो प्रश्न असतो.

खोदणाऱ्यानं दोर टोकापासून टोकापर्यंत चाचपला, एका जागी थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. "सांधा नाही," तो स्वतःशीच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरला. रोज पाट्या वर यायला लागल्या. मुरूम, मग काळा दगड. कोरडा.

मी धाकट्याला म्हटलं, "आणखी चार दिवस बघ. लागेल पाणी."

"लागेल तेव्हा लागेल. घागर आज रिकामी आहे." मग भिंतीच्या भोकाकडे बघून म्हणाला, "वाट बघायचीच तर किती बघायची, शेठ?"

तो पाण्याबद्दल बोलत नव्हता.

निघाले तेव्हा सकाळ होती. बोचकी वाटेवर. धाकटी शेळीचं दावं सोडून तिला घेऊन थोरल्याच्या दाराशी आली. तो उंबऱ्यावर सूत गुंडाळत बसला होता. वाटणीनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलली.

"भाऊजी, शेळी ठेवून जाते. गिरणीच्या खोलीत तिला जागा नाही." दावं तिनं खुंट्याला बांधलं. "तिला सगळं माहीत आहे."

थोरल्यानं मान हलवली. धाकटा वाटेवर पाठमोरा उभा होता. मग चालायला लागला, आणि सरळ पुढं चालायची सवय नसल्यासारखा दोनदा ठेचकाळला. मागं वळून बघितलं नाही. जन्मभर मागंच बघत चाललेला माणूस. त्या दिवशी नाही बघितलं.

दुपारी थोरला भिंतीपाशी गेला. बाजूला जपून ठेवलेला दगड उचलला, भोकात बसवायला. भोकात भोवरा होता. बापाचा. तळव्यांनी झिजून गुळगुळीत झालेला, तिन्ही खाचा थोरल्याच्या बाजूला.

म्हणजे आता हिशेब असा झाला. चाक त्याचं, भोवरा त्याचा, पलीकडे पडलेली दगडांची फळी त्याची, आणि विचारणारं कोणी नाही म्हणताना अख्खी पट्टीही त्याचीच. वाटणीत भांडून जे मिळालं नव्हतं ते सगळं न भांडता पदरात पडलं. त्यानं भोवरा काढला नाही. दगड खाली ठेवला आणि शेळीला पाला घातला.

धाकटा-धाकटी गेल्यावर थोड्याच दिवसांत खोदणारा विहिरीतून ओरडला. आधी ओला दगड वर आला, मग चिखल, मग पाणी. गढूळ, पण पाणी. थोरल्यानं शहराकडे निरोप धाडावा असं मला वाटलं. मी म्हटलंही.

"गिरणीत काम बरं असेल," तो म्हणाला. "उगाच कशाला."

खोदणारा गेला, दोर विहिरीवरच राहिला. आता गाव त्यानं पाणी काढतं. थोरला रोज सकाळी एक बादली घेऊन जातो, शेळीला घेऊन जातो, आणि पाणी काढून झालं तरी काठावर बसून राहतो. वाटेत शेळीशी काहीबाही बोलतो. 'आज ऊन जास्त आहे गं.' 'तेल घातलं बरं का चाकाला.' लोक हसतात. मी हसत नाही, माझं दुकान समोर आहे.

परवा एक नवी सून पाणी काढत होती. दोर हातातून सरकता सरकता एका जागी थांबली. कप्पीही तिथं किंचित कुरकुरते.

"इथं दोरात काहीतरी आहे हो बाबा," ती थोरल्याला म्हणाली. "हाताला लागतं. सांधा आहे का? तुटायचा नाही ना?"

"सांधा नाही, पोरी," तो म्हणाला. "तिथं हात बदलला."

तिला काही कळलं नाही. तिनं बादली ओढून घेतली, पाणी ओतलं, बादली पुन्हा खाली सोडली.  दोर कप्पीवरून उतरत होता, आणि थोरला त्या जागेची वाट बघत होता.